आनंदा भोईरचा उजवा पाय

लहानशा विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस काय बघतो? ढग बघतो, डोंगर बघतो, आपलं घर कुठे दिसतंय का ते शोधतो, आणि यातलं काहीच झेपलं नाही तर डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेतो. बाळकुमच्या आनंदा भोईरने यातलं काहीही केलं नाही. वर जाईपर्यंत तो सगळा वेळ शेजारी बसलेल्या वैमानिक पोरीच्या पायांकडे बघत होता.

गैरसमज नको. आनंदा सरळ माणूस आहे, आणि त्याची बायको बायजा खाली धावपट्टीच्या कडेला उभी होती. त्याला दिसलं ते असं : विमान नाकासमोर सरळ चाललंय, पोरीच्या चेहऱ्यावर काही नाही, पण तिचा उजवा पाय मात्र पुढचं पेडल दाबून बसलाय. डावा नुसता टेकलेला. वर चढताना सगळा वेळ हे असंच. उतरताना इंजिनाचा आवाज बसला तसा तो पायही सैल झाला.

खाली उतरल्यावर लेकीने, दर्शनाने, विचारलं, "कसं वाटलं, बाबा?" तिनेच त्याच्या वाढदिवसाला ही सफर भेट दिली होती. आनंदा वैमानिक पोरीकडे वळून म्हणाला, "सरल जायाचा, तर पाय वाकडा कनाला?"

'कनाला' म्हणजे कशाला. बाळकुमच्या जुन्या आगरी घरांत हा शब्द सगळेच वापरतात, पण आनंदा जरा जास्तच वापरतो. मिठागरात वाफ्याला पाणी सोडताना तो बापाला विचारायचा, आज एवढंच पाणी कनाला? शाळेत मास्तरांना विचारायचा. लग्नात भटजींना विचारलं, तेव्हा बायजाने पदराआडून त्याला चिमटा काढला होता. पुढे मिठागरं बंद झाली, शेतावर टॉवर उभा राहिला, त्यातले काही फ्लॅट भोईरांकडे आले आणि आनंदाला करण्यासारखं काही उरलं नाही. सकाळी खाली जाऊन पार्किंगवरून भांडणं सोडवायची, दुपारी झोपायचं. गळ्यात जाड चेन आली, पोट आलं आणि 'कनाला' विचारावं असं समोर काही येईना. हे त्याचं दुःख होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. सुखाने बसून खाणाऱ्या माणसाचं रडगाणं कोण ऐकणार?

एक होडी मात्र त्याने ठेवली होती. टॉवरच्या मागे, तिवरांच्या पलीकडे खाडीत ती बांधलेली असायची. मागे इंजिन लावलेलं, आणि त्या इंजिनाचा दांडा हेच तिचं सुकाणू. मूठ पिळली की वेग, दांडा ढकलला की दिशा. दर रविवारी आनंदा कळव्याच्या बाजूला एक फेरी मारून यायचा. तेवढ्या वेळात तो पुन्हा माणसात असायचा.

तर ती वैमानिक पोरगी. तिचं नाव ऋतिका परब, राहणार डोंबिवली, मूळ मालवणकडची. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळलं की शेतांच्या मधोमध एक खासगी धावपट्टी आहे. तिथे दोन माणसांची हलकी विमानं चालतात आणि चालवायला शिकवतात. ऋतिका तिथे शिकवते. तिने आनंदाच्या प्रश्नाला घाईघाईत उत्तर दिलं, "काका, पंख्यामुळे. पंखा फिरतो ना, त्यामुळे विमान डावीकडे जायला बघतं. म्हणून उजवा पाय."

"पन कनाला?"

"ते मोठं आहे. शिकायला या, मग सांगते," असं ती हसून म्हणाली. बोलायची पद्धत म्हणून म्हणाली बिचारी. पुढच्या आठवड्यात आनंदा फी भरून दारात हजर.

बायजाने घर डोक्यावर घेतलं. "या वयात हातपाय मोडून घेशील! लोक काय बोलतील?" लोक काय बोलले ते सांगायला नको. बाळकुमच्या नाक्यावर त्याला 'पायलट' म्हणायला लागले, आणि ते म्हणताना हात पसरून दाखवायला लागले. आनंदाला त्याचं काही नव्हतं. त्याला पंखा समजून घ्यायचा होता.

ऋतिकाने पहिलं कारण सांगितलं. बसल्या जागेवरून बघितलं तर पंखा उजवीकडे फिरतो, घड्याळाच्या काट्यांसारखा. इंजिन पंख्याला उजवीकडे पिळतं, तेव्हा पंखा इंजिनाला आणि इंजिनाला धरून बसलेल्या अख्ख्या विमानाला उलटं, डावीकडे पिळतो. त्यामुळे जमिनीवर धावताना डाव्या चाकावर जास्त भार येतो, ते चाक जरा जड पडतं आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. आनंदाने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. घरी येऊन त्याने कपाटातलं ड्रिल मशीन काढलं आणि भिंतीत, थेट बीममध्ये घातलं. आत कुठेतरी सळई लागली, बिट अडकलं आणि मशीनच उलटं फिरून त्याचं मनगट मुरगळून गेलं. बायजा ओरडत आली तर हा मनगट धरून हसतोय. "कल्ला! बायजा, कल्ला मना!" पंख्याचा उलटा पीळ त्याला कळला होता. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून तो धावपट्टीवर गेला आणि ऋतिकाला पट्टी अशी दाखवली, जशी शाळेत पोरं शेरा मिळालेली वही दाखवतात.

दुसरं कारण हवेचं होतं. पंख्याने मागे ढकललेली हवा सरळ जात नाही. विमानाच्या अंगाला पीळ घालत, गोल गोल जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आपटते. शेपटी उजवीकडे ढकलली गेली की नाक डावीकडे. हे दिसणार कसं? आनंदाने बायजाच्या विणकामातले लोकरीचे तुकडे आणले, चिकटपट्टीने विमानाच्या अंगावर ओळीने लावले आणि ऋतिकाला ब्रेक दाबून इंजिन चालवायला लावलं. सगळे धागे तिरपे होऊन फडफडले. ऋतिका स्वतः खाली उतरून बघायला आली. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, चित्रही काढलं होतं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. तिने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "काका, माझ्या सरांनी मला एवढंच शिकवलेलं, राईट फूट, राईट फूट. मीपण तेच बोलत आले."

तिसरं कारण सांगायची तर तिला भीतीच वाटत होती, कारण तिथे भलेभले अडकतात. पण ते आनंदाला पटकन समजलं. विमान नाक वर करून चढतं तेव्हा पंखाही मागे कललेला असतो. मग उजव्या बाजूने खाली येणारं पातं हवेला जास्त तिरपं लागतं, मोठा घास घेतं. डाव्या बाजूने वर जाणारं लहान घास घेतं. उजवी बाजू जास्त ओढते, म्हणून नाक डावीकडे. "मंजे वल्ह्यावानी," आनंदा म्हणाला. "वल्हा सपाट धरला तर पानी सरकून जाते. जरा तिरपा केला का पानी धरते." ऋतिकाने हो म्हटलं, आणि त्या दिवशी दोघं भलतीच खूश होती.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. पहिल्यांदा धावपट्टीवरून विमान उडवायची पाळी आनंदाची आली. त्याने इंजिनाचा दांडा हळूहळू पूर्ण पुढे ढकलला, आवाज भरला, विमान धावू लागलं आणि सांगितल्याप्रमाणे नाक डावीकडे सरकलं. आनंदाने पाय दाबला. डावा.

नाक आणखी डावीकडे गेलं, आणि आनंदाने डावा आणखी जोरात दाबला. धावपट्टीच्या कडेची पांढरी रेघ चाकाखाली आली, पुढे शेताचा बांध दिसला, तेव्हा ऋतिकाने आपल्या बाजूचं उजवं पेडल दाणकन दाबलं आणि इंजिन बंद केलं. विमान गवतात तिरपं उभं राहिलं.

"उजवा, काका," ती शेवटी म्हणाली.

"म्हायती हाय मना," आनंदा म्हणाला, आणि त्याला खरंच माहीत होतं.

पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. हळू चालवताना, इंजिन गुरगुरत असताना, त्याचे पाय अगदी बरोबर चालायचे. हवेत वळणं छान घ्यायचा. विमान आडवं सरकतंय का ते दाखवणारी, समोरच्या काचेच्या नळीतली काळी गोळी मध्यावर ठेवायचा. उतरवायचा तर असा, की ऋतिकाला कौतुक वाटायचं. पण जमिनीवर पूर्ण इंजिन सोडलं, नाक डावीकडे गेलं, की डावा पाय. तोंडाने तो "उजवा, उजवा" म्हणत असायचा आणि पाय डावा जायचा. जणू तो पाय दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होता.

तिथले मुख्य शिक्षक विनीत सर. हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे आणि वाईट वाटू नये म्हणून खोटं न बोलणारे. त्यांनी आनंदाला चहा पाजला आणि सांगितलं, "भोईर, पावसाळ्यात आपली पट्टी बंद होते. त्याआधी मी स्वतः तुमच्याबरोबर बसेन. तुमचं उड्डाण सरळ झालं तर तुम्हाला एकट्याने सोडेन. नाही झालं, तर पुढे शिकवणं मला पटणार नाही. तुम्ही पाहुणे म्हणून कधीही या, शेजारच्या सीटवर बसा."

शेजारच्या सीटवर. आनंदाला ते शब्द फार लागले. त्याचं सगळं आयुष्य अलीकडे शेजारच्या सीटवरच चाललं होतं. जमीन बिल्डरने चालवली, फ्लॅटचा कारभार दर्शना चालवत होती, घर बायजा. एकदा, निदान एकदा, एकट्याने त्या पट्टीवरून वर जायचं, ही आता त्याची नुसती हौस राहिली नव्हती. तो रात्रीचा जेवेना, आणि आगरी माणूस जेवेना म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

मग बायजानेच ऋतिकाला रविवारी जेवायला बोलावलं. पोरीला चांगलं खाऊ घालावं, म्हणजे ती नवऱ्याला पास करेल, असा तिचा साधा हिशोब. चिंबोरीचं कालवण, तांदळाची भाकरी. ऋतिकाने मालवणचं नाव राखलं आणि भांडं पुसून खाल्लं. जेवण झाल्यावर दर्शना म्हणाली, चला, हिला खाडी दाखवू.

होडीत आनंदा मागे, दांड्यापाशी. दर्शना मध्ये, ऋतिका पुढे. मधल्या पाण्यात आल्यावर ऋतिका म्हणाली, "काका, मी चालवू? विमान चालवते, होडी काय!" आनंदाने जागा दिली. तिने मूठ पिळली. इंजिन गरजलं, आणि होडीचं तोंड डावीकडे वळलं. पाण्यातला पंखाही पंखाच. पूर्ण वेग दिला की तोही होडीला एका बाजूला ओढतो. ऋतिकाला उजवीकडे जायचं होतं, म्हणून तिने दांडा उजवीकडे ढकलला.

होडी सरळ डावीकडच्या तिवरांत घुसली. फांद्या मोडल्या, दोन बगळे उडाले, ऋतिकाच्या केसांत पानं अडकली, दर्शना हसून हसून आडवी झाली. "अगं, उलटं! दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते!"

आनंदा हसला नाही. तो दांड्याकडे बघत होता. मग त्याने होडी मागे मोकळ्या पाण्यात घेतली, ऋतिकाच्या हाताशेजारी आपला हात दांड्यावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पोरी, मूठ पील. पूर्ण पील." ऋतिकाने पिळली. आवाज भरला, तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि आनंदाचा हात, त्याने काही ठरवायच्या आत, डावीकडे गेला. होडी सरळ झाली.

"यो बग," तो म्हणाला. "यो हाय तो."

ऋतिकाला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. हळू चालवताना पाय बरोबर, कारण आवाज नाही. हवेत बरोबर, कारण तिथे सगळंच नवीन. पण इंजिन पूर्ण गरजतंय आणि तोंड डावीकडे ओढलं जातंय, हे आनंदाच्या अंगाला नवीन नव्हतं. ते त्याने बापाच्या मांडीवर बसून शिकलेलं होतं. उत्तरही पाठ होतं : डावीकडे ढकल. विमानात हात मोकळा नव्हता, म्हणून ते उत्तर पायाने दिलं. तिच्या एवढ्या शिष्यांमध्ये ही चूक दुसऱ्या कोणाची होणंच शक्य नव्हतं. त्यासाठी खाडीकाठी जन्मावं लागतं.

आनंदाला इतका आनंद झाला की त्याने दोन्ही पोरींच्या पाठीवर थापा मारल्या. महिनाभर ज्याने त्याला छळलं, तो त्याचा मूर्खपणा नव्हता, ते त्याचं कसब निघालं होतं. घरी येईपर्यंत तो खुळ्यासारखा बडबडत होता. मग एकदम थांबला.

"मंग आता काय करायचा?"

ऋतिकाने विचार करून सांगितलं, "काका, विनीत सरांचा चेक होईपर्यंत होडीत बसू नका. दांड्याला हातसुद्धा लावू नका. रोज पायाने सराव करा. हे दोन्ही एकत्र नाही राहणार, निदान आत्ता तरी."

"आनि नंतर? होडीचा हात राहंल का माजा?"

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. शिकवणाऱ्या माणसाने असं प्रामाणिकपणे सांगावं, हे थोडं नवलाचंच आहे.

आनंदा त्या संध्याकाळी बराच वेळ गॅलरीत उभा होता. तिथून तिवरांमागची होडी दिसायची. ज्या हाताने ती चालायची तो हात त्याचा एकट्याचा नव्हता. बापाचा होता, त्याच्या बापाचा होता. नारळी पुनवेला भोईरांची होडी खाडीत जाते, तेव्हा दांडा घरातल्या मोठ्या माणसाकडे असतो. त्यात कधी खंड पडला नव्हता. तो हात पणाला लावायचा आणि कशासाठी? पन्नाशी उलटल्यावर हवेत एक चक्कर मारण्यासाठी? दुसरा कोणी असता तर त्याने विमान सोडलं असतं आणि लोकांनी त्याला शहाणा म्हटलं असतं. आनंदाने होडीची किल्ली आणून दर्शनाच्या हातात दिली. "मी मागितली तरी देवू नको," असं बजावलं.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी अडला. खुर्चीत बसून, समोर भिंतीला दोन पाट टेकवून पाय दाबायचे, हे ठीक; पण आवाजाशिवाय त्याचा पाय चुकायचाच नाही. चुकलाच नाही तर सुधारणार काय? त्यावर बायजाचा मिक्सर कामाला आला. रोज सकाळी ती वाटण काढायला लागली की आनंदा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, पाटांवर पाय ठेवून बसायचा. मिक्सर घरघरला की दर्शना समोर धरलेला झाडू डावीकडे कलता करायची, आणि याने उजवा पाय दाबायचा. सुरुवातीला डावाच जायचा. बायजा ओरडायची, "उजवा, मुडद्या, उजवा!" आणि नारळाचं खोबरं पार लोणी होईपर्यंत मिक्सर चालू ठेवायची. हिचा विरोध कधी मावळला ते तिलाही कळलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, भोईरांकडे काय लग्नकार्य आहे का, रोज एवढं वाटण? भिंतीपलीकडून शेजारणीच्या कानावर "उजवा, उजवा" पडायचं, तेव्हा तिला वाटायचं की घरात कोणाला लकवा झालाय.

हळूहळू उजवा पाय आधी यायला लागला. आधी विचार करून, मग अर्धवट विचार करून. एक दिवस आनंदा वर्तमानपत्र वाचत होता, बायजाने न सांगता मिक्सर लावला, आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. बायजाने मिक्सर बंद केला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

चेकच्या दिवशी हवा स्वच्छ होती. विनीत सर शेजारी बसले. आनंदाने दांडा पुढे ढकलला. आवाज भरला, नाक डावीकडे निघालं, आणि निघालं तसं परत आलं. पांढऱ्या रेघा दोन्ही बाजूंना सारख्या मागे पळत राहिल्या. उतरल्यावर सरांनी पट्टा सोडला, खाली उतरले, दार लावलं आणि खिडकीतून म्हणाले, "जा, एक चक्कर मारून या. आणि लक्षात ठेवा, माझं वजन नाही आता. ते लवकर उठेल."

खरोखर लवकर उठलं. आनंदाची तयारी होण्याआधीच जमीन सुटली आणि त्याच्या तोंडून "अरे!" निघालं. शेजारची सीट रिकामी होती. त्याला वाटलं होतं की आपल्याला भीती वाटेल, नाहीतर रडू येईल. पण त्याचं लक्ष पायाकडे गेलं. वर चढताना पाय दाबलेला, वर जाऊन इंजिन कमी केलं की आपोआप सैल, उतरताना इंजिन अगदी बसलं तेव्हा पाय पूर्ण सुटलेला, उलट डावा जरासा टेकलेला. कोणी सांगत नव्हतं, तोही सांगत नव्हता. खाली काळू नदीचं वळण होतं, दूरवर मलंगगडाचा सुळका होता, आणि हा आपल्या बुटाकडे बघून हसत होता. चाकं टेकली तेव्हा ऋतिका पट्टीच्या कडेने धावत येत होती. त्या धावपट्टीवर पहिल्या एकट्या उड्डाणानंतर अंगावर बादलीभर पाणी ओततात. आनंदाने चेनसकट भिजून घेतलं, आणि मग मात्र तो रडला. पाण्यात दिसलं नाही, एवढंच.

पावसाळा आला, पट्टी बंद झाली. नारळी पुनवेला भोईरांची होडी सजली. पताका, फुलं, सोनेरी कागद लावलेला नारळ. काठावर सगळा गाव जमलेला, 'पायलट, पायलट' म्हणत पोरं ओरडत होती, पण त्या ओरडण्यात आता जरा मान होता. दर्शनाने किल्ली बापाच्या हातात दिली. आनंदा मागे बसला, नारळ मांडीवर घेतला, दांडा धरला. वाजंत्री वाजली. त्याने मूठ पिळली, तोंड डावीकडे ओढलं गेलं, आणि त्याचा हात गेला उजवीकडे.

होडी गर्रकन वळून तिवरांत शिरली. काठावर आधी हशा उठला, मग शांतता झाली. भोईरांच्या दांड्यावरचा माणूस आजवर कधी चुकला नव्हता. आनंदाने होडी मागे घेतली, पुन्हा प्रयत्न केला. हात पुन्हा उजवीकडे गेला. तो आपल्या हाताकडे बघत राहिला, जसा आपल्याच घरात अनोळखी माणूस दिसावा. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बापाला काय सांगू, असं त्याच्या मनात आलं, आणि बाप जाऊन तर किती वर्षं झाली.

मध्ये बसलेली दर्शना उठली. खांद्याला धरून त्याला उठवलं, पुढे नेऊन बसवलं, नारळ त्याच्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन दांड्यापाशी बसली. काठावर कोणीतरी काहीतरी बोललं. बायजाने वळून बघितल्यावर ते गप्प झालं.

आनंदा जन्मात पहिल्यांदा होडीच्या पुढच्या बाजूला बसला होता. समोर नुसतं पाणी, मध्ये कोणी नाही. मागे इंजिन गरजलं. होडीचं तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि तितक्याच अलगद परत सरळ झालं. भोईरांचा दांडा जसा सरळ करतो, अगदी तस्संच. त्याने मागे वळून बघितलं नाही. त्याचे डोळे भरले होते, हातातला नारळ त्याने छातीशी घट्ट धरला होता.

"बाबा," मागून दर्शना ओरडली, "फळीवर पाय कशाला दाबताय? सुकाणू माझ्याकडे आहे."